रविवारी बघू

झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाला जागं करता येत नाही, असं म्हणतात. माझी तऱ्हा उलटी आहे. मी मनापासून झोपतो, आणि मला कोणीही जागं करू शकतं. अडचण एवढीच, की जागा होऊन जो खाटेवर उठून बसतो तो मी नसतो. तो कोण असतो ते मला सांगता येणार नाही, कारण आमची कधी गाठ पडलेली नाही. तो अर्धा तास माझ्या अंगात वावरतो, माझा सदरा घालतो, माझ्या तोंडाने बोलतो, लोकांना शब्द देतो आणि चहाचा दुसरा कप पोटात गेला की निघून जातो. मग मी येतो आणि त्याने दिलेले शब्द पाळत बसतो.

याची सुरुवात पिंपरीला झाली. तिथल्या बाटल्यांच्या कारखान्यात मी टाइमकीपर. काचेची भट्टी विझू द्यायची नसते, म्हणून माणसांनी तीन पाळ्यांत जागायचं, असा तिथला न्याय. रात्रपाळी करून सकाळी आठला सायकल मारीत दापोडीला यायचं, नऊला डोळे मिटायचे आणि साडेतीनला उठायचं, कारण चारला नळाला पाणी येतं आणि नळ कोणासाठी थांबत नाही. साडेतीन ते चार या अर्ध्या तासात त्या गृहस्थाने काय काय केलं याची यादी आमच्या घरात तोंडपाठ आहे. एकदा त्याने डोक्यावर टोपी घालून दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून पायरीवर बसला. आत कुसुम, म्हणजे माझी बायको, दार बडवत होती आणि हा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, की घरात कोणी नाही. एकदा त्याने घरमालकांच्या म्हशीला "या, बसा" म्हणून ओसरीवर बोलावलं. ती आली आणि बसली. तिला उठवायला दिवेलागण झाली.

लोक हसले. तेवढ्यावर भागलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण आमच्या समोरच्या खोलीत बबनराव राहतात. एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर, आणि इंजिनापासून मूळव्याधीपर्यंत सर्व शास्त्रांचे जाणकार. त्यांनी महिनाभर निरीक्षण करून शोध लावला, की साडेतीनला ज्योतीराम घाडगे या माणसाकडे काहीही मागितलं तरी तो नाही म्हणत नाही. हा शोध त्यांनी स्वतःपुरता ठेवला असता तर तो बबनरावांचा स्वभाव नव्हे. दोन महिन्यांत मी नळ समितीचा सेक्रेटरी झालो. गणपतीच्या नाटकात सेनापती झालो. मला घोड्याची भीती वाटते, पण घोडा पडद्याआड आहे असं मला समजावण्यात आलं. बबनरावांच्या ओसरीवर रोज संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं. आमचे घरमालक सोपानराव हे दापोडीचे जुने शेतकरी. त्यांची जमीन कुठल्याशा कारखान्याच्या नकाशात गेली होती, तिच्यापायी मामलेदाराकडे जाणारा प्रत्येक अर्ज मी लिहायचा असंही ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं, असं सगळे सांगतात.

"ज्योतीराव," बबनराव एकदा मला म्हणाले, "राव, तुम्ही साडेतीनला फार मोठ्या मनाचे असता. चारनंतर उगाच कोते होता."

परिणाम असा, की चारला पाणी भरून झालं की गल्ली मला घेऊन जायची. अर्ज, तालीम, वर्तमानपत्र, नळ समिती. परत यायला साडेनऊ व्हायचे. मग दोन घास खायचे, डबा घ्यायचा आणि सायकल. रविवारी सुट्टी असे, पण नळ समितीची बैठकही रविवारीच असे.

आई गेल्यावर आबांना मी गावाहून इकडे आणलं. आबा म्हणजे माझे वडील, सयाजी घाडगे, खटाव तालुक्यात एका शाळेवर तीस वर्षं मास्तर. बोलणं मोजकं. शाळेत त्यांची एक शिस्त होती: प्रश्न एकदाच विचारायचा. पोराने ऐकला नसेल तर तो पोराचा दोष, मास्तर पुन्हा विचारणार नाही. म्हातारपणी ही शिस्त त्यांनी घरालाही लावली. पाणी हवं असेल तर एकदा म्हणायचे, नाहीतर स्वतः उठायचे. माझ्याकडे येऊन आठ महिने झाले होते. मला वाटायचं, त्यांचं बरं चाललंय. सकाळी मी आलो की ते मारुतीला गेलेले असायचे, मी झोपलो की ते येऊन खाटेपाशी चटईवर पोथी घेऊन बसायचे. माशी बसली तर पंच्याने वारायचे, असं कुसुम सांगायची. मी पाहिलेलं नाही.

एका शनिवारी सकाळी मी रात्रपाळीहून परत आलो तर आमच्या दारात माणसं उभी होती. सायकल कोणीतरी माझ्या हातातून काढून घेतली. आबा पहाटे झोपेतच गेले होते. जो तो म्हणत होता, पुण्यवान, झोपेत गेले, कोणाला त्रास नाही. मी मान हलवत होतो. त्या दिवशी मी झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, माणसांची वर्दळ कमी झाल्यावर, कुसुमने विचारलं, "अहो, बुधवारी आबा तुम्हाला काय म्हणत होते?"

"मला? बुधवारी?"

"तुम्ही उठलात तेव्हा. तुमच्या खाटेशी उभे राहिले होते. बराच वेळ बोलत होते."

मी आठवून पाहिलं. बुधवारचा चहा आठवला, तोसुद्धा दुसरा कप.

"तू ऐकलंस ना?"

"मी स्टोव्हला पंप मारत होते. त्याच्या आवाजात काय ऐकू येणार? तुमचं तेवढं आलं, तुम्ही मोठ्यानं बोललात. 'रविवारी बघू' म्हणालात."

"मग?"

"मग ते हसले आणि बाहेर गेले."

"हसले? कसे हसले?"

"हसले असं वाटलं. मला नीट दिसलं नाही, डोळ्यात धूर गेला होता."

तो दिवस रविवारच होता. घरात कोपऱ्यात पणती लावलेली होती आणि मी तिच्यासमोर बसून होतो. आठ महिन्यांत आबांनी माझ्याकडे एकदाही काही मागितलं नव्हतं. जे काय मागितलं ते बुधवारी साडेतीनला, एकदाच, शिस्तीप्रमाणे. आणि मी नव्हतो. मी त्यांना माझ्या दिवसातला सगळ्यात भिकार अर्धा तास दिला आणि तोही माझ्याऐवजी दुसऱ्याच माणसाने दिला. मला रडू येत होतं, पण सांत्वनाला आलेल्या माणसांना चहा द्यायचा होता.

आबांनी काय मागितलं ते शोधून काढायचं, एवढंच मी ठरवलं. दोन दिवसांचं काम वाटलं. पण आमच्या गल्लीत कोणतंही काम एका माणसाचं राहत नाही. कुसुमने सोपानरावांच्या बायकोला, सोजराबाईंना सांगितलं, सोजराबाईंनी नळावर सांगितलं आणि सोमवारपर्यंत मास्तरांची शेवटची इच्छा हा सार्वजनिक विषय झाला. प्रत्येकाजवळ एकेक उत्तर तयार होतं. सोजराबाई म्हणाल्या, "काशीला जायाचं आसंल. समद्यास्नी जायाचं आसतं." नाटक मंडळींचं मत पडलं, की त्यांना माझं सेनापतीचं काम बघायचं होतं. बबनराव म्हणाले, हा मेंदूचा प्रश्न आहे, विचार करावा लागेल.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. दापोडीला पवना येऊन मुळेला मिळते, तिथे घाट आहे. न्हाव्याने डोक्याबरोबर मिशीही उतरवली. गुरुजींनी पिंड मांडले, आणि आम्ही सगळे मागे सरून बाभळीकडे बघू लागलो. बाभळीवर सात कावळे होते. बबनरावांनी मोजले.

एकही हलला नाही. शेजारी कोणा दुसऱ्या घरचं दहावं होतं. त्यांचे पिंड मांडायची खोटी, तीन कावळे खाली उतरले, शिवले आणि परत जाऊन बसले. त्या घरच्या माणसांनी आमच्याकडे पाहिलं. आपल्या बापाच्या पिंडाला कावळा शिवत नाही आणि लोक बघताहेत, यासारखी मान खाली जायला लावणारी गोष्ट दुसरी नाही.

"इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "पुरी करतो म्हणा."

"काय इच्छा असेल ती पुरी करतो," मी हात जोडून म्हणालो.

"असं मोघम नाही. नाव घेऊन म्हणा."

नाव माहीत असतं तर मी मोघम कशाला बोललो असतो? पण गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. मी सुरू केलं. "काशीला तुमच्या अस्थी नेतो." कावळे तसेच. "गावच्या शाळेला नवा फळा देतो." एकाने पंख साफ केले. मागून जो तो सुचवू लागला आणि मी म्हणत गेलो. गावाकडची गाय विकणार नाही. कुसुमला टोचून बोलणार नाही. तंबाखू सोडतो. मिशी उतरवल्याला तास झाला नव्हता तरी मिशी पुन्हा ठेवतो म्हणालो, कारण दोन वर्षांपूर्वी मी ती बारीक केली तेव्हा आबा काही न बोलता बाहेर निघून गेले होते. नाटकातून राजीनामा देतो, म्हणालो. त्यावर सेनापतीशिवाय तिसरा अंक कसा होणार म्हणून मागे कुजबुज झाली.

सोपानराव इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून उभे होते. ते म्हणाले, "त्येंचं बी बरोबर हाय. कावळं हितलं हायती. मास्तर पडले बाहेरगावचं. वळखणार कसं?"

"मग काय करायचं?"

"तुमच्या गावाकडच्या बोलीत बोला की. मास्तरांचं मानूस हाय म्हून तरी कळंल."

मी तेही केलं. तीस वर्षांचा, कारखान्यातला टाइमकीपर, ओला पंचा नेसून नदीच्या काठी बाभळीला सातारी बोलीत विनवण्या करीत उभा होतो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि पंचा झटकला. शास्त्राला ते चालतं. मला चाललं नाही. घरी येताना बबनराव दोनदा "तेरावा गुरुवारी" म्हणाले. त्यांचा विचार झाला होता.

त्यांचं शास्त्र असं. लोखंड तापलेलं असताना जी खूण पडते ती तापवल्यावरच पुन्हा उमटून दिसते. हे खरं आहे की नाही ते मला माहीत नाही, वर्कशॉपातल्या कोणालाही असेल असं वाटत नाही. पण त्यावरून त्यांनी काढलं, की आबांचा प्रश्न मी अर्धवट जागेपणी ऐकला आहे, तेव्हा तो अर्धवट जागेपणीच आठवेल. मला दुपारी झोपवायचं, साडेतीनला उठवायचं आणि तो दुसरा गृहस्थ हजर झाला की त्यालाच विचारायचं. तेराव्याच्या आत दोन दुपारी हातात होत्या. कुसुमला हे पसंत नव्हतं. ती म्हणाली, "घरात सुतक आहे आणि तुम्ही खेळ काय मांडता?" पण मी हो म्हणालो. त्या वेळी मी पूर्ण जागा होतो, तेव्हा हा दोष त्याच्यावर ढकलता येत नाही.

मंगळवारी दुपारी गल्लीने मला झोपवायला घेतलं. सोजराबाईंनी दही आणि चाकणचा कांदा पाठवला, त्याने बैलसुद्धा निजतो म्हणून. त्यांचा कोंबडा पाटीखाली गेला. कल्हईवाल्याला कोपऱ्यावरूनच परत पाठवण्यात आलं. नळापाशी बायका हातवारे करून भांडत होत्या. एवढी शांतता दापोडीला कधी झाली नसेल, रेल्वेचा तेवढा इलाज चालला नाही. आणि मी, जो कधीकाळी कारखान्यात पोत्यांच्या थप्पीवर उभ्याउभ्या झोपलो होतो, तो छताकडे बघत पडलो होतो. खाटेपाशी आबांची चटई अजून पसरलेली होती. तिच्याकडे पाठ केली तरी ती तिथे आहे हे कळत होतं.

साडेतीनला दार ढकलून माणसं आत आली. पुढे बबनराव, त्यांच्या हातात वही आणि पेन्सिल. मागे सोपानराव, नाटक मंडळी, दारात बायका. त्यांनी दुपारभर श्वास रोखून धरलेला. मला झोप लागली नाही हे सांगायची छाती झाली नाही. कुसुमने हलवल्यावर मी डोळे तारवटले, तोंड अर्धवट उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सोंग घेतलं.

"ज्योतीराव," बबनराव खालच्या आवाजात म्हणाले, "आबांनी तुमच्याकडे काय मागितलं?"

सगळे वाट बघत होते. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"चष्मा," मी म्हणालो.

खोलीतून एक समाधानाचा सुस्कारा निघाला. "चष्मा," बबनरावांनी लिहून घेतलं. सोजराबाईंनी पदराने डोळे पुसले. "पोथी वाचायाचे ना म्हातारबुवा," त्या म्हणाल्या. "न्हाई दिसत म्हनून कधी बोलले न्हाईत." सगळ्यांना एकाएकी आठवू लागलं, की आबा अक्षर लांब धरून वाचत, पायरी चाचपत उतरत. आबांची नजर शेवटपर्यंत घारीची होती. संध्याकाळी बबनराव स्वतः पुण्याला जाऊन एक चष्मा घेऊन आले आणि तो आबांच्या फोटोपुढे ठेवला. बापाच्या शेवटच्या इच्छेबद्दल मी चार माणसांना बरं वाटावं म्हणून खोटं बोललो होतो, आणि आता तो खोटेपणा काचा आणि काड्यांसकट फोटोपुढे होता.

त्या संध्याकाळी मी कुसुमला खरं सांगितलं. ती रागावली नाही. नुसती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही तसे दिसत नाही उठल्यावर."

"कसा दिसतो?"

ती विचार करून म्हणाली, "लहान."

बुधवारी मला खरी झोप लागली. अकरा दिवसांचं जागरण साठलेलं, बाराच्या सुमाराला मी भिंतीला टेकून बसलो होतो तो तसाच कलंडलो. बबनरावांना चष्म्याने समाधान झालं होतं, पण शास्त्राला पडताळा लागतो म्हणून ते साडेतीनला माणसं घेऊन आले. पुढचं मला कुसुमने सांगितलं ते सांगतो. मी तिथे नव्हतो.

मी उठून बसलो. बबनरावांनी विचारलं, "ज्योतीराव, आबांना चष्माच हवा होता ना?"

"रविवारी बघू," मी म्हणालो.

वहीवरची पेन्सिल थांबली. "आबांनी बुधवारी तुम्हाला काय विचारलं?"

"रविवारी बघू."

सोपानरावांना शंका आली. त्यांनी पुढे होऊन विचारलं, "आमची म्हस कुनाची हाय?"

"रविवारी बघू."

आता लोक हसायला लागले. मंडळींपैकी कोणी माझं नाव विचारलं, कोणी बायकोचं, कोणी कारखान्याला आग लागली म्हणून सांगितलं. मी प्रत्येकाकडे वळून, अगदी अदबीने, रविवारी बघू म्हणत होतो. हसून हसून नाटकातल्या प्रधानाला ठसका लागला. आणि त्यात कुसुम एकदम रडायला लागली. ती एवढ्या दिवसांत रडली नव्हती. भांड्यांच्या फळीला धरून ती इतकी मोठ्याने रडली, की माणसं हसता हसता थांबली, एकमेकांकडे न बघता चपला शोधू लागली आणि निघून गेली. बबनराव वही खाटेवर विसरून गेले.

मी आलो तेव्हा घरात ती एकटी होती. तिने सगळं सांगितलं. अकरा दिवस मी त्या दोन शब्दांच्या मागे लागलो होतो, कारण मला वाटत होतं, की प्रश्नाला धरून काहीतरी उत्तर गेलं असेल. ते उत्तर नव्हतंच. म्हातारा माणूस धीर करून खाटेशी आला, मनातलं बोलला, आणि समोरच्याने म्हशीबद्दल जे सांगितलं असतं तेच त्याला सांगितलं. आबा हसले ते कसे, हे मला आता कळल्यासारखं वाटत होतं. पोराचं लक्ष नाही हे तीस वर्षांच्या मास्तरला पहिल्या शब्दात कळतं.

तेरावा झाला. गोडाचं जेवण झालं. बबनराव जेवायला आले, पण वाढणाऱ्याकडेच बघत जेवले. जाताना म्हणाले, "ज्योतीराव, वर्तमानपत्राचं काय, माझं मी वाचीन." मला त्यांचा राग आला नाही.

शुक्रवारी मला सकाळच्या पहिल्या पाळीला बोलावलं होतं. सातच्या आधी गेटवर पोचलो. दिवसाचे वॉचमन मारुतराव, जवळच्या रहाटणीचे. रात्रपाळीमुळे त्यांची-माझी गाठ सहसा पडत नाही. त्यांनी माझं बोडकं डोकं पाहून स्टुलावरून उठून हात जोडले.

"वाईट झालं. कळलं आमाला. लय चांगलं मानूस."

"तुम्ही कुठे पाहिलंत त्यांना?" मी विचारलं.

"हितंच की. गेले त्याच्या आदल्या दिशी, शुक्रवारी, सकाळी धाच्या सुमाराला. यष्टीतनं उतरले. तुमी घरी निजला हुता." मारुतरावांनी टेबलाचा खण ओढून एक कागद काढला. "ह्योच इषय हाय बघा. त्यांचा पास. रविवारचा. बारा दिस झालं, उघडा ऱ्हायलाय."

कारखान्यात बाहेरच्या माणसाला पासाशिवाय सोडत नाहीत. रविवारी दुपारी कामगारांच्या घरच्यांना भट्टी दाखवतात, सुट्टी असली तरी ज्याचा पाहुणा तो कामगार तेवढ्यापुरता आपल्या जागेवर येऊन बसतो, पण त्यासाठी दोन दिवस आधी अर्ज भरावा लागतो. हा नियम मला माहीत आहे, मी तो लोकांना सांगतो. कागद मी हातात घेतला. अक्षर आबांचं होतं, पाटीवर पोरांना वळण घालून देतात तसं, एकेक सुटं. पाहुण्याचे नाव, सयाजी बाळाजी घाडगे. वय, एकाहत्तर. कोणाकडे, श्री. ज्योतीराम सयाजी घाडगे, टाइमकीपर. काम या शब्दापुढे लिहिलं होतं, 'मुलगा काम करतो ते पाहणे.'

"मी म्हनलं, आजोबा, लेक घरात आसतोय, तितं रोज बगता की," मारुतराव सांगत होते. "तर म्हनले, घरी आसतो तवा निजलेला आसतो, न्हाईतर गल्लीनं नेलेला आसतो. जागा आसल्यावर कसा दिसतो ते येकदा बघून घेतो. आन हसले."

"आणखी काय म्हणाले?"

"म्हनले, इचारू का नको आसं आठ दिस चाललं हुतं. कामाचा मानूस, तरास कशाला द्यायाचा. पर इचारल्याबरूबर रविवार दिला पोरानं. लय खुशीत हुते. मला इचारलं, धोतर चालंल का भट्टीपाशी पायजमा लागतो. म्या म्हनलं, धोतर चालंल, लांबनं बगायचं. मग म्हनले, त्याला आत्ता सांगू नका, रातपाळी हाय, झोपमोड व्हईल."

मी स्टुलावर बसलो. मारुतरावांनी बसू दिलं. बाहेर सायकली लागत होत्या, माणसं आत चालली होती, दोघाचौघांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. आबांना ते खरंच वाटलं होतं. 'रविवारी बघू' हे त्यांना उत्तर वाटलं होतं. बुधवारपासून शुक्रवारपर्यंत तो माणूस माझा शब्द धरून चालत होता आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याने छातीत जे झालं ते दहाव्याला झालं नव्हतं.

"पास बंद करून द्या तेवढा," मारुतराव हळूच म्हणाले. "साहेब रोज इचारत्यात. मागल्या बाजूला रकाना हाय."

मी कागद उलटला. 'पाहुणा न आल्यास कारण,' असं छापलं होतं आणि पुढे दोन बोटं जागा. मी त्यांचं पेन घेतलं आणि लिहिलं, 'मुलगा झोपेत होता.'

मारुतरावांनी कागद स्वतःकडे वळवून सावकाश वाचला.

"आसं न्हाई चालायचं, ज्योतीराव," मग ते म्हणाले. "वर जातो ह्यो कागद. मयत लिवा. येका शब्दात भागतंय."

मी पहिलं खोडलं आणि मयत लिहिलं. खाली सही केली. त्यांनी कागद तारेत ओवला. सातचा भोंगा झाला तसा मी आत जाऊन माझ्या खिडकीत बसलो. माणसं रांगेने कार्डं पुढे करू लागली, मी ती घड्याळ बघून परत देऊ लागलो. आबांना दाखवायला तिथे एवढंच होतं. एक खिडकी, एक घड्याळ आणि मी. पाच मिनिटांत बघून झालं असतं.